पैठणीच्या वाटेवर शंभर अळ्या

अळ्या फुकट मिळाल्या. ज्यांच्या शेतातल्या त्या, त्यांनी एक पैसा घेतला नाही, उलट "न्या, समद्या न्या" म्हणाले. आता खरा खर्च सांगतो. जाऊन-येऊन डिझेल, येवल्याच्या लॉजचं एका रात्रीचं भाडं, दोन माणसांची शेवभाजी-भाकरी, एक चांगली मच्छरदाणी (फाडावी लागली), जीपची धुलाई आणि बायकोपुढे तीस वर्षांत जमवलेला माझा रुबाब. यातलं शेवटचं नुकसान अजून भरून निघालेलं नाही. पैठणीचा आकडा मी यात धरलेला नाही. तो इथे लिहिला तर शोभा मला ब्लॉग बंद करायला लावेल.

शोभा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. तुळशीच्या लग्नानंतर मुलाचं लग्न निघालं होतं आणि होणाऱ्या सुनेला पैठणी घ्यायची ती येवल्यालाच, विणणाऱ्याच्या घरी मागासमोर बसून, असं तिने ठरवलं होतं. नाशिकच्या दुकानात पैठण्या मिळतात हे मी सुचवून पाहिलं. तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी फुटलेल्या टोमॅटोकडे बघतो.

अळ्या या प्रवासात शिरल्या त्या माझ्या भाचीमुळे. मेघा, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. गंगापूर रोडवर आमच्याकडेच राहून ती शेतीच्या कॉलेजात कीटकांवर एम.एस्सी. करत होती. तिची अळी म्हणजे टोमॅटो पोखरणारी हिरवी अळी. तुम्ही पाहिली असेल. तोंड टोमॅटोत, मागचं अर्धं अंग बाहेर, म्हातारा रजईत डोकं खुपसून झोपावा तशी. हरभऱ्यावर गेली की तिलाच घाटेअळी म्हणतात, कपाशीवर बोंडअळी, आणि झेंडूच्या फुलात शिरली की शेतकरी तिला जे म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही. अंड्यातून निघाल्यापासून पतंग होईपर्यंत ही अळी कोणत्या झाडावर लवकर वाढते, कोणत्या झाडावर रखडते, हे मेघाला शोधायचं होतं. "मामा, तिला टोमॅटोपेक्षा झेंडू जास्त आवडतो असं निघालं, तर कडेने झेंडूची ओळ लावायची. ती तिकडे जाते, टोमॅटो वाचतो, औषध कमी लागतं." मला पटलं. पंगतीत खादाड पाहुण्याला आपण दाराशी बसवतो, त्यातलाच प्रकार.

पण दसऱ्याच्या सुमारास तिच्या कॉलेजातल्या अळ्यांत रोग शिरला. एकेक काळी पडून उलटी लटकायला लागली आणि आठवड्याभरात सगळ्या गेल्या. घरात सुतकासारखं वातावरण. कुंड्यांत टोमॅटो, झेंडू, हरभरा अगदी तयार उभे, आणि खायला कोणी नाही. शेतातल्या ताज्या अळ्या आणायच्या, त्यांचे पतंग होऊ द्यायचे, पतंगांनी अंडी घातली की त्या अंड्यांवर प्रयोग, असा क्रम. तो आठवड्याभरात सुरू झाला नाही तर हंगाम गेला, म्हणजे वर्ष गेलं. सिन्नरच्या एका रोपवाटिकेत तिची नोकरी ठरलेली होती, पण पदवी हातात आली तरच. आणि नेमकी त्या दोन दिवसांत तिची परीक्षा.

"शंभर तरी लागतील, मामा. निम्म्या आजारी निघतात."

"शंभर काय, हजार आणतो," मी म्हणालो.

तिने एक पिशवी माझ्या हातात दिली. आत फोटोच्या रोलच्या काळ्या डब्या, प्रत्येकीच्या झाकणाला सुईने भोकं पाडलेली.

"एका डबीत एकच. सोबत टोमॅटोचा एवढासा तुकडा."

"आणि दुसरी काय उभ्याने प्रवास करणार?"

"हसू नकोस. आता सगळ्यांकडे डिजिटल कॅमेरे आलेत, या डब्यांसाठी मी नाशिकातले सगळे स्टुडिओ पालथे घातलेत."

मी मान हलवली. पण मनातून हसलोच. मी मार्केट यार्डात हमाल म्हणून पाटी उचलायला लागलो, आज माझ्या नावावर पाच ट्रक आहेत आणि नाशिकचा टोमॅटो ते पार दिल्लीपर्यंत पोचवतात. "माझ्या गाडीतून माल कधी घटलेला नाही," मी तिला सांगितलं. शिकलेली पोरं मालाचे फार लाड करतात, हे सांगितलं नाही.

सकाळी लवकर निघालो. जाणार असाल तर तुम्हीही लवकर निघा, कारण नांदूर नाक्यावर एकदा का उसाच्या आणि कांद्याच्या गाड्यांमागे लागलात की चांदोरीपर्यंत तुम्हाला फक्त त्यांचे मागचे लाकडी फाळके दिसतात. चांदोरीला चहा प्या. निफाडच्या अलीकडे द्राक्षबागांची छाटणी चालू होती. मुंबईचे लोक ऑक्टोबरात द्राक्षं बघायला येतात आणि बोडक्या काड्यांचे फोटो काढून परत जातात, तसं करू नका. रस्ता निफाडपर्यंत चांगला, पुढे विंचूरपर्यंत शोभाच्या शब्दांत "ताक होतं पोटातल्या चहाचं". विंचूरच्या चौफुलीवर गरम भजी खाल्ली. भज्यांना दहापैकी आठ. चटणीला सांगत नाही, डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसली नाही.

विंचूर सोडून थोडं पुढे गेलं की आत नामदेवतात्यांचा मळा लागतो. त्यांचा टोमॅटो माझ्या ट्रकमधून जातो. तात्या बांधावरच उभे होते.

"शेठ, अळ्या मारायचं औषध घेऊन येनारे लय पायले. अळ्या न्यायला येनारे तुमी पयलेच."

त्यांची बायको राधाकाकू पलीकडे झेंडूत होती. तिथूनच ओरडली, "इचारा, खायच्या हायेत का काय!"

"भाचीच्या अभ्यासाला पाहिजेत, काकू."

"आता अळ्या बी शिकाया लागल्या का?"

तात्या म्हणाले, "आजच्या आज काय ते येचून घ्या. उद्या सकाळी औषध मारनार हाय मी. लय नुकसान चाललंय."

वेचायला सोपं गेलं. टोमॅटोला भोक दिसलं की मालकीणबाई आत. शोभा, मी, तात्या, तिघांनी भराभर शंभरावर जमवल्या. मग भरायची वेळ आली. शोभाने डब्यांची पिशवी उघडली.

"शोभा, एकेक डबीत भरत बसलो तर पैठणी पुढच्या दिवाळीला."

"मेघाने बजावून सांगितलंय."

"अगं, जिवंत माल आहे. हवा नको का? तात्या, तुम्ही सांगा. क्रेट बरा की डबी?"

"क्रेटच," तात्या म्हणाले. "मोकळं राहतील. खाया बी घालता यील."

आम्ही दोघं जन्मभराचे क्रेटवाले. टोमॅटोच्या क्रेटला आतून वर्तमानपत्र लावलं, तळाला पाला, वर चांगले लाल टोमॅटो, हौस म्हणून झेंडूची चार फुलं. त्यावर शंभर अळ्या सोडल्या आणि वरून जीपमधली मच्छरदाणी फाडून सुतळीने गच्च आवळली. एकही बाहेर पडू शकत नव्हती. इतका देखणा माल मी दिल्लीलासुद्धा पाठवलेला नाही.

येवल्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गल्लीत शिरलं की घराघरातून मागाचा खटखट आवाज येतो, तोच पत्ता. विणकराने ओट्यावर सतरंजी घातली आणि पैठण्या उलगडायला सुरुवात केली. अंजिरी, राणी, मोरपंखी. माझे कान जरा तिखट आहेत. आतल्या खोलीतून त्याच्या आईचा आवाज आला.

"बाईनं मांडी घातली का रं?"

"घातली," मागावर बसलेला त्याचा धाकटा भाऊ म्हणाला.

"मंग टाकते चहा."

मला त्या माउलीबद्दल आदर वाटला. मी इतकी वर्षं व्यापार करतोय, मांडीचं मला सुचलं नव्हतं. गिऱ्हाईक उकिडवं बसलं तर उठून जातं, मांडी घातली की घेऊनच उठतं. शोभाने दोन चहा आणि एक जेवण होईपर्यंत मांडी मोडली नाही.

मधे गप्पांत मी सांगितलं, की आमच्या जीपमध्ये शंभर अळ्या आहेत. विणकर दचकला नाही. "आमचं पण पोट अळीवरच की, मावशी," तो शोभाला म्हणाला. "ती तुतीचा पाला खाती, मंग कोष करती, तवा कुठं हा पदर होतो."

"म्हणजे एवढ्या पदराला किती अळ्या लागल्या असतील हो?"

"ते नका इचारू. नेसताना आठवंल."

शोभाने साडी मांडीवरून किंचित दूर सरकवली आणि पुन्हा जवळ ओढली. मी म्हणालो, "आमच्या अळ्या नुसत्या खातात. विणत काही नाहीत."

"मंग त्या माणसांवर गेल्या," आतून विणकराची आई म्हणाली.

शेवटी मोरपंखी ठरली, पदरावर मुनिया. तोवर दिवस कलला होता. खड्ड्यांतून अंधारात जायला शोभा तयार नव्हती, म्हणून स्टँडजवळ लॉज घेतला. खोली स्वच्छ, पंखा आवाज करणारा, नळाला पाणी सकाळीच. क्रेट मी खोलीत आणला. मॅनेजर म्हणाला, "टोमॅटो का, शेठ?" मी हो म्हणालो, जे अर्धं खरं होतं. शेवभाजी मात्र खावी तर येवल्यात. तर्री असलेली घ्या आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका.

सकाळी मी क्रेटवरची मच्छरदाणी सोडली आणि बघतच राहिलो. टोमॅटो होते, फुलं होती, पाला होता. अळ्या मात्र कुठेतरी एखादी. सुतळी जशीच्या तशी, कागद फाटलेला नाही. मी तडक खाली मॅनेजरकडे गेलो. इतकी वर्षं धंद्यात असलेल्या माणसाच्या डोक्यात पहिली गोष्ट येते ती चोरी.

"आमच्या खोलीतल्या अळ्या..."

त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही. इकडे तिकडे बघत म्हणाला, "शेठ, हळू बोला, बाकी गिऱ्हाइकं ऐकतील. चादर बदलून देतो."

"अहो, अळ्या निघाल्या नाहीत. गेल्या!"

"गेल्या? मंग चांगलंच झालं की."

"माझ्या होत्या!"

यावर त्याने रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप जिना चढलो. वर शोभा क्रेटवर वाकून बसली होती.

"अहो, चोर सापडला," ती म्हणाली. "इकडे या."

एका लालबुंद, अखंड टोमॅटोशेजारी एक गलेलठ्ठ अळी बसली होती. तिने तोंडात धरला होता तो टोमॅटो नव्हता. ते दुसऱ्या अळीचं मागचं अर्धं अंग होतं.

मी मेघाला मोबाइल लावला. खिडकीत उभं राहिलं तरच रेंज मिळत होती, त्यामुळे पुढचं सगळं स्टँडवरच्या लोकांनीही ऐकलं.

"मामा, तू सगळ्या एकत्र ठेवल्यास?"

"खायला भरपूर दिलं होतं गं!"

"कितीही दिलंस तरी! मोठ्या झाल्या की त्या एकमेकींना खातात! डब्या कशाला दिल्या होत्या मी?"

"मला वाटलं लाड..."

पलीकडे ती रडत नव्हती, पण रडण्याच्या आधी माणूस जसं नाकाने श्वास घेतो तसा आवाज आला. "किती उरल्यात?"

मी मोजल्या. सांगायला लाज वाटली. "बोटांवर मोजण्याइतक्या."

"परीक्षा संपली की माझ्याकडे दिवसच उरत नाहीत, मामा." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

शोभाने तोवर बॅग भरली होती, पैठणी काखेत मारली होती. "तात्या औषध मारायच्या आत पोचायचं," ती म्हणाली. आदल्या दिवशीचे खड्डे त्या सकाळी मला दिसलेच नाहीत, इतक्या वेगाने आलो. बांधावरून पाहिलं तर पाठीवर पंप घेतलेले तात्या टोमॅटोतून चालत होते, आणि निम्म्याहून जास्त प्लॉट ओला झालेला.

"तात्या, थांबा!"

"का हो शेठ? काय राहिलं?"

"अळ्या."

"काल नेल्या की शंभरएक!"

"त्यांनी एकमेकींना खाल्लं."

तात्या नळी धरून तसेच उभे राहिले. मग इतक्या जोरात हसले, की पाठीवरचा पंप डचमळला. "राधा! ऐकलं का, शेठच्या क्रेटमदी भाऊबंदकी झाली!"

मी हात जोडले. राहिलेलं तेवढं मारू नका म्हणालो. तात्यांचं हसू थांबलं. "कालवलेलं औषध ठेवता येत नाय, शेठ. आन मी थांबलो तर माझा माल कोन राखनार? तुमची भाची?" त्यांचं बरोबर होतं. त्यांनी लावलेला टोमॅटो त्यांना माझ्याच ट्रकमध्ये भरायचा होता.

तेवढ्यात राधाकाकू कमरेवर हात ठेवून पुढे आली. "माझ्या झेंडूत बघा की. तिथं मी यांना पंप आनू देत नाय. फुलं देवाला जात्यात, त्यावर इख मारायचं व्हय? निम्मी फुलं खाऊन टाकलीत मेल्यांनी."

"न्यायला परवानगी आहे?"

"अळ्या न्या. पन मंग फुलं बी न्या. नाशकाच्या फूलबाजारात टाका माझी पाच पोती. एष्टीवाला कंडक्टर रोज भांडतो."

पैशांशिवाय इतक्या चटकन झालेला सौदा मी कधी केला नाही. पाचाऐवजी आठ पोती निघाली, पण मी तोंड उघडण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

झेंडूत अळी शोधणं टोमॅटोसारखं सोपं नाही. ती पाकळ्यांच्या आत, देठाशी, गादीत झोपल्यासारखी असते. बाहेर दिसते फक्त तिची बारीक लेंडी. मी दहा फुलं उसवली आणि एक अळी मिळाली, तीही माझ्या अंगठ्याखाली चिरडली आणि शर्टावर हिरवं पाणी उडालं. शोभा मात्र फूल नुसतं बोटांनी दाबायची, "आहे", "नाही", "आहे" करत पुढे जायची. ती वांगी घ्यायला आली की भाजीवाले कुरकुरतात, ते का, हे मला त्या दिवशी कळलं. राधाकाकू एका बाजूने, शोभा दुसऱ्या बाजूने. मला काम दिलं होतं डबीचं झाकण उघडायचं आणि लावायचं. एका डबीत एक, सोबत पाकळ्यांचा चिमटा. सगळ्या डब्या भरल्या, मगच दोघी उठल्या.

क्रेटमधल्या उरलेल्यांचं काय? त्यांनाही वेगळ्या डब्या दिल्या. त्यातला तो लठ्ठ, सकाळी तोंडात शेजारीण घेऊन बसलेला, त्याचं नाव मी पैलवान ठेवलं. त्याला सगळ्यात मोठी डबी, म्हणजे माझी तंबाखूची, स्वच्छ धुऊन. परतीच्या वाटेवर शोभाला मी समजावत होतो. "बघ, शंभरातून निवडून आलाय हा. सगळ्यांना पुरून उरला. बियाणं असंच पाहिजे. मेघाच्या प्रयोगातल्या एकूण एक अळीचा मूळपुरुष हाच होणार, लिहून ठेव."

"पुढे बघून चालवा," शोभा म्हणाली.

जीपच्या टपावर आणि मागे झेंडूची पोती, फटीफटीतून फुलं लोंबत होती. निफाडला एक आजी वाटेत आडव्या आल्या, बॉनेटला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, "कंचा देव हाय, बाबा?" मी काही बोलायच्या आत शोभा म्हणाली, "अळ्यांचा." आजींनी पुन्हा हात जोडले. फूलबाजारात पोती उतरवली, भाव बरा मिळाला, पैसे दुसऱ्या दिवशी ट्रकवाल्याबरोबर राधाकाकूकडे पाठवून दिले. जीप मात्र दोनदा धुवावी लागली.

मेघा फाटकात उभी होती. तिने आधी डब्या एकेक उघडून पाहिल्या. मग मामीच्या गळ्यात पडली. माझ्याकडे बघून म्हणाली, "झाकणं छान लावलीस, मामा."

कॉलेजात रोगाची धास्ती म्हणून डब्या आमच्याकडेच ठेवल्या, आणि पुढचे काही दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. अळ्या मातीत शिरल्या, कोष झाले, काही काळ्या पडून मेल्या, आणि एका सकाळी जाळीला पहिला मळकट पतंग चिकटलेला दिसला. मग दुसरा, मग ओळीने. मेघाने त्यांना मधाच्या पाण्याचा बोळा दिला, मलमलीचा कपडा टांगला, आणि त्यावर खसखशीसारखी अंडी पडली. त्या दिवशी तिने घरी श्रीखंड आणलं. कुंड्यांतला टोमॅटो, झेंडू, हरभरा अखेर खाल्ला गेला. परवा तिची तोंडी परीक्षा झाली. पुढच्या महिन्यात ती सिन्नरला जाईल.

येवल्याला जाऊन काय मिळालं म्हणाल, तर पैठणी सुंदर आहे. सून लग्नात नेसली, कुठे घेतली म्हणून सगळ्यांनी विचारलं. शोभाने कोणालाही अळ्यांचं सांगितलं नाही. येवल्याला मुक्कामी जा, घाई करू नका, आणि मागासमोर बसताना मांडी घालायची की नाही ते आधी ठरवा.

पैलवानाचं विचारणारे खूप आहेत, म्हणून सांगून टाकतो. त्याचा कोष सगळ्यात मोठा झाला होता. पतंग निघायच्या दिवशी मी स्वतः तंबाखूची डबी उघडली. आत एक काळी, केसाळ माशी बसली होती. मेघाने सांगितलं, की ही माशी शेतातच अळीवर अंडं घालते आणि तिचं पिल्लू अळीला आतून खात राहतं. म्हणजे पैलवान क्रेटमध्ये सगळ्यांना खात होता तेव्हा त्यालाही आतून कोणीतरी खातच होतं. मेघा खूश झाली, तिच्या दृष्टीने अशी माशी म्हणजे शेतकऱ्याची फुकटची नोकर. क्रेटमधले बाकीचेही कोषातच मेले. प्रयोगात वाढलेली एकूण एक अळी शोभाने आणि राधाकाकूने झेंडूतून वेचलेल्यांच्या वंशातली होती.